पाण्यातलं क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६ वेगवेगळं कसं मोजायचं

रिपोर्टवर नुसतं ‘क्रोमियम : ०.०४ मिग्रॅ/लिटर’ असं छापलेलं असेल, तर विहिरीचं पाणी प्यावं की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. पाण्यात हा धातू दोन रूपांत असतो, ३ आणि ६ हे आकडे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते सांगतात. तो सगळा आकडा क्रोमियम-३ चा असेल तर फारशी काळजी नाही. सगळा क्रोमियम-६ चा असेल तर मामला गंभीर आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मात्र एकूण क्रोमियमचीच मर्यादा देतं : ०.०५ मिग्रॅ/लिटर, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, आणि तीत सवलत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकूण क्रोमियम मोजून काम संपतं. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी मात्र दोन वेगळे आकडे आहेत. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात क्रोमियम-६ जास्तीत जास्त ०.१ आणि एकूण क्रोमियम २.० मिग्रॅ/लिटर. एकाच धातूच्या दोन रूपांना वीसपट वेगळी वागणूक का, ते समजलं की मोजणीतली अर्धी कटकट समजते.

क्रोमियम-३ हा धन आयन. साधारण उदासीन पाण्यात त्याचा हायड्रॉक्साइड बनतो, मातीच्या कणांना चिकटतो, खाली बसतो. क्रोमियम-६ पाण्यात क्रोमेट म्हणून असतो. तो ऋण आयन, पूर्ण विरघळलेला आणि भूजलाबरोबर लांबवर वाहत जाणारा. शरीरातही क्रोमेट पेशीत सहज शिरतो, क्रोमियम-३ ला ते फारसं जमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिण्याच्या पाण्यातून सोडियम डायक्रोमेट दिलेल्या उंदरांत लहान आतड्याच्या गाठी आणि घुशींसारख्या मोठ्या उंदरांत तोंडाच्या गाठी आढळल्या होत्या.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे येतो? सगळ्यात आधी क्रोम प्लेटिंगच्या पट्ट्यात. भोसरी-पिंपरी असो वा वाळूज, जिथे वाहनांचे सुटे भाग बनतात तिथे प्लेटिंगची छोटी-मोठी दुकानं असतातच, आणि त्यांच्या टाकीत क्रोमिक आम्ल, म्हणजे थेट क्रोमियम-६. कानपूरच्या जाजमऊतल्या चामड्याच्या कारखान्यांत वापरतात ते क्रोमियम-३ चं मीठ. पण ते मीठ डायक्रोमेटपासून बनवताना मागे उरणारा गाळ क्रोमियम-६ चा असतो. तमिळनाडूतल्या राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याबाहेर असाच लाखाहून जास्त टन कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला. ओडिशात सुकिंदाच्या खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींमुळेच पाण्यात क्रोमियम-६ उतरतं. क्रोमाइट आपल्याकडे कणकवलीच्या परिसरात आणि भंडारा जिल्ह्यातही आहे, त्यामुळे तिथल्या पाण्यात क्रोमियम सापडलं की लगेच कारखाना शोधत फिरू नये.

आधी ठरवा : किती खालपर्यंत मोजायचंय

काम सांडपाण्याचं असेल तर ०.१ मिग्रॅ/लिटर हा आकडा साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राला, सहज दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या ५० मायक्रोग्रॅमसाठी तेच यंत्र चालतं, पण द्रावण ठेवायच्या १ सेंमीच्या पारदर्शक डबीऐवजी (क्युव्हेट) ५ सेंमीची लागते. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून पिण्याच्या पाण्यात फक्त क्रोमियम-६ ची मर्यादा १० मायक्रोग्रॅम केली आहे. युरोपीय संघ एकूण क्रोमियम २०३६ पर्यंत २५ वर आणतोय. त्या पातळीवर ठामपणे बोलायचं तर एक-दोन मायक्रोग्रॅम दिसायला हवेत. आणि शेजारच्या प्लेटिंगवाल्याचा पाझर नुकताच सुरू झालाय का, असा प्रश्न असेल तर एकच्याही खाली जावं लागतं. तिथे आयन क्रोमॅटोग्राफी (आयन स्तंभातून वेगळे करून मोजणं) किंवा आयसीपी-एमएस (तप्त प्लाझ्मात आयन बनवून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) यांशिवाय पर्याय नाही.

नमुना : खरी परीक्षा इथेच

क्रोमियमचं रूप बाटलीत बदलतं. शिसं किंवा आर्सेनिकच्या एकूण मोजणीत नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून बाटली महिनाभर ठेवली तरी बिघडत नाही. इथे त्याच आम्लाने घोळ होतो. आम्लात क्रोमेट हा जबरदस्त ऑक्सिडीकारक, म्हणजे समोरच्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा, आहे. पाण्यातला सेंद्रिय पदार्थ, लोह-२, सल्फाइड, जे मिळेल त्याचं ऑक्सिडीकरण करून तो स्वतः क्रोमियम-३ होऊन बसतो. म्हणजे नमुना आम्लात ‘जतन’ करून आणला की रिपोर्टमध्ये क्रोमियम-६ शून्य, आणि सगळे खूश. उलट दिशेचा धोका नळाच्या पाण्यात असतो. उरलेलं क्लोरीन क्रोमियम-३ ला हळूहळू क्रोमियम-६ करतं.

म्हणून क्रोमियम-६ चा नमुना अल्कधर्मी ठेवायचा, पीएच ९.३ ते ९.७ च्या दरम्यान, आणि त्यासाठी अमोनियम सल्फेट-अमोनियाचं बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, वापरायचं. ३३ ग्रॅम अमोनियम सल्फेट ७५ मिली शुद्ध पाण्यात विरघळवा, त्यात ६.५ मिली संहत अमोनिया घाला आणि १०० मिली करा. पीएच वाढला की क्रोमेटची ऑक्सिडीकरणाची भूक मंदावते. अमोनियमचा दुसराही उपयोग आहे, तो मोकळ्या क्लोरीनला क्लोरामाइनमध्ये बांधून टाकतो. नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वाढवला तर हा दुसरा फायदा मिळत नाही.

एका ठिकाणाहून तीन बाटल्या घ्या. पहिली, गाळून बफर घातलेली : क्रोमियम-६ साठी. दुसरी, गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेलेली : विरघळलेल्या एकूण क्रोमियमसाठी. तिसरी, न गाळता आम्ल घातलेली : कणांसकट एकूण क्रोमियमसाठी. बाटल्या एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने अनेकदा विसळलेल्या. शेवटचं विसळण नीट झालं नाही आणि बाटलीत आम्ल राहिलं, तर पहिल्या बाटलीचा बफर तिथेच कमी पडेल.

प्रत्यक्ष जागेवर क्रम असा ठेवा. वापरातली बोअरवेल असेल तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून पाण्याची विद्युतवाहकता स्थिर होऊ द्या, पाइपात साचलेलं पाणी नको. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेल्या नळाच्या तोटीतून नमुना घेऊ नका, शक्य असेल तर पंपाच्या पाइपाजवळून घ्या. प्लास्टिकची सिरिंज घ्या, स्टीलची सुई लावू नका. ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावा. पहिले १०-२० मिली गाळून फेकून द्या, मग बाटली भरा. १०० मिली नमुन्याला साधारण १ मिली बफर पुरतं. पीएच पट्टी बाटलीत बुडवायची नाही. स्वच्छ काडीने एक थेंब पट्टीवर टाकून रंग बघायचा. आम्लाच्या बाटल्या शेवटी, हातमोजे बदलून. आम्लाची कुपी आणि बफरची कुपी एकाच पिशवीत नको. उन्हात उघडल्यावर आम्लाची आणि अमोनियाची वाफ भेटून कुप्यांच्या तोंडावर पांढरं पीठ जमतं, आणि कुठलं झाकण कशाचं ते कळेनासं होतं.

गाळणं जागेवरच व्हायला हवं. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हवा लागून बोअरच्या पाण्यातलं लोह तांबूस गाळ म्हणून खाली बसतं आणि जाताना क्रोमियम-३ ही घेऊन जातं. दख्खनच्या कडक पाण्यात बफर घातल्यावर कधीकधी पांढुरकं धुकं दिसतं. ते कॅल्शियम कार्बोनेट असतं, नमुना फेकू नका. क्रोमेट द्रावणातच राहतो. मोजण्याआधी परत गाळा आणि तशी नोंद करा.

सोबत एक फील्ड ब्लँक, म्हणजे क्रोमियम नसलेला कोरा नमुना, हवा. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी तिथेच, त्याच सिरिंजने, त्याच फिल्टरमधून, त्याच बफरसह. हा ब्लँक घ्यायला लोक सगळ्यात जास्त कंटाळतात आणि वाद निर्माण झाला की सगळ्यात आधी हाच मागितला जातो.

सगळं बर्फाच्या पेटीत, ६ अंशांच्या खाली. बफर घातलेल्या नमुन्याला अमेरिकी नियम २८ दिवसांपर्यंत मुभा देतात, बफर नसेल तर २४ तास. पिण्याच्या पाण्याच्या आयन क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीत १४ दिवस धरलेत. आपल्या उन्हाळ्यात, एसटीच्या टपावरून येणाऱ्या पेटीला एवढीही सवलत देऊ नये, दोन-तीन दिवसांत मोजून टाका. आणि ग्राहक कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन आला तर ते क्रोमियम-६ साठी घेऊच नका. तळाशी राहिलेली साखर आणि आम्ल मिळून क्रोमेटचा निकाल लावतात.

काचसामान

जुन्या प्रयोगशाळांत काच चकचकीत करायला क्रोमिक आम्लाचं मिश्रण वापरायची सवय आहे, कॉलेजात तर पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं गेलं. क्रोमियम मोजायच्या खोलीत ती बरणी असताच कामा नये. काचेचा पृष्ठभाग क्रोमियम धरून ठेवतो आणि हळूहळू सोडत राहतो. शंभर वेळा धुतलं तरी ब्लँक खाली येत नाही. या कामाचे फ्लास्क आणि पिपेट वेगळे ठेवा, त्यांच्यावर रंगाची खूण करा आणि फक्त नायट्रिक आम्लाने धुवा.

डायफिनाइलकार्बाझाइडची पद्धत

नाव लांबलचक, प्रयोगशाळेत सगळे डीपीसीच म्हणतात. आम्लात क्रोमियम-६ आणि डीपीसी भेटले की लालसर जांभळा रंग येतो आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजतात. क्रोमियम-३ हा रंग देत नाही, म्हणून पद्धत मुळातच रूप ओळखणारी आहे. इतकी स्वस्त आणि इतकी निवडक पद्धत दुसऱ्या धातूंच्या वाट्याला क्वचितच आलीय.

द्रावणं आदल्या दिवशी करून ठेवा. सुकवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट १४१.४ मिलिग्रॅम, शुद्ध पाण्यात १०० मिली : हे मूळ द्रावण, १ मिलीत ५०० मायक्रोग्रॅम क्रोमियम. ते शंभरपट पातळ केलं की १ मिलीत ५ मायक्रोग्रॅम. अल्प प्रमाणासाठी तेही दहापट पातळ करायचं, म्हणजे १ मिलीत ०.५ मायक्रोग्रॅम. हे शेवटचं द्रावण रोज ताजं. डीपीसी २५० मिलिग्रॅम, ५० मिली अ‍ॅसिटोनमध्ये, तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये. रंग चढला की फेकून द्या, ‘अजून एक बॅच चालेल’ म्हणू नका. डायक्रोमेट तोलताना मास्क आणि हातमोजे हवेतच. तो कर्करोगकारक आहे आणि त्याची धूळ नाकात जाते.

१. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ०.५ मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे ०, १, २, ५, १० आणि २० मिली घ्या. शेवटी १०० मिली झाल्यावर ही मानकं, म्हणजे तुलनेसाठीची माहीत तीव्रतेची द्रावणं, ०, ५, १०, २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम/लिटर होतील.

२. दुसऱ्या फ्लास्कमध्ये गाळलेला नमुना ९० मिली घ्या. नमुन्यात बफर असेल तर मानकांतही तेवढंच बफर घाला, नाहीतर आम्लाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा होईल.

३. प्रत्येकात ५ थेंब, म्हणजे ०.२५ मिली, फॉस्फोरिक आम्ल. नमुन्यातलं लोह पिवळा रंग देऊन त्रास देतं, फॉस्फेट त्याला बांधून ठेवतं.

४. ०.२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणा. बफर असलेल्या नमुन्याला बरंच जास्त आम्ल लागतं. तेव्हा जागा वाचवायला थोडं तीव्र आम्ल थेंबाथेंबाने वापरा. मग शुद्ध पाण्याने १०० मिली करा.

५. लगेच २ मिली डीपीसी, झाकण, चार-पाच वेळा उलटंपालटं. आम्ल घालून चहाला जाऊ नका. आम्ल घातल्याच्या क्षणापासून क्रोमेटचं क्षपण, म्हणजे क्रोमियम-३ होणं, सुरू झालेलं असतं आणि डीपीसी जितक्या लवकर भेटेल तितकं बरं.

६. ५ ते १० मिनिटं थांबा. प्रत्येक फ्लास्कला सारखाच वेळ मिळेल अशा अंतराने डीपीसी घालत जा आणि त्याच क्रमाने वाचा.

७. ५ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ५४० नॅनोमीटरला शोषणांक, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचा आकडा, वाचा. क्युव्हेटची एक बाजू पेन्सिलने खूण करून नेहमी तीच पुढे ठेवा. काचेला चिकटलेला बारीक बुडबुडा पाच मायक्रोग्रॅमएवढा आकडा सहज दाखवतो.

आकडे कसे यायला हवेत याचा अंदाज आधीच असू द्या. या रंगाची मोलर शोषकता (लिटरमागे एक मोल असताना १ सेंमीत येणारा शोषणांक) सुमारे ४०,००० आहे. त्यावरून ५० मायक्रोग्रॅमला १ सेंमीत जेमतेम ०.०३८ शोषणांक येतो आणि ५ सेंमीत ०.१९. १० मायक्रोग्रॅमला ५ सेंमीत ०.०३८. तुमचं ५० चं मानक ०.१२ दाखवत असेल तर रेषा कितीही सरळ येऊ दे, काहीतरी चुकलंय : डीपीसी जुना झालाय, पीएच भलतीकडे गेलाय किंवा तोलण्यात गडबड आहे. ‘आर स्क्वेअर ०.९९९’ (रेषा किती सरळ आहे याचा आकडा) बघून समाधान मानणारे इथेच फसतात, कारण सगळीच मानकं सारख्याच प्रमाणात चुकली की रेषा सरळच येते.

नमुन्याला स्वतःचा रंग किंवा गढूळपणा असेल तर एक जादा फ्लास्क करा : नमुना, दोन्ही आम्लं, डीपीसीऐवजी नुसतं अ‍ॅसिटोन. त्याचा शोषणांक वजा करायचा. अडथळा आणणाऱ्यांत व्हॅनेडियम सगळ्यात खट्याळ. पण त्याचा रंग दहा-पंधरा मिनिटांत उतरतो, म्हणून शंका आली तर पुन्हा पंधरा मिनिटांनी वाचून बघा. लोह लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पिवळसर झाक येते. मॉलिब्डेनम आणि पारा विहिरीच्या पाण्यात एवढे नसतातच की चिंता करावी.

आलेला आकडा खरा का

प्रत्येक नव्या ठिकाणच्या नमुन्याला स्पाइक हवाच, म्हणजे नमुन्यात मुद्दाम माहीत असलेलं क्रोमियम-६ घालून ते परत मिळतंय का ते पाहणं. समजा नमुन्याच्या ९० मिलीत शोषणांक ०.०५४ आला. लिटरमागे १ मायक्रोग्रॅमला ०.००३८५ शोषणांक हा मानकांच्या रेषेचा उतार धरला तर फ्लास्कमध्ये १४.० मायक्रोग्रॅम/लिटर. दुसऱ्या ९० मिलीत ०.५ मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे २ मिली घातले, म्हणजे १०० मिलीत १० मायक्रोग्रॅम/लिटरची भर. आता शोषणांक ०.०९०, म्हणजे २३.४. भर पडली ९.४ ची, परतावा ९४ टक्के. ८५ ते ११५ च्या आत आहे, आकडा चालेल. मूळ नमुन्याची तीव्रता १४.० ला १०० भागिले ९० ने गुणून १५.६ मायक्रोग्रॅम/लिटर. हा शेवटचा गुणाकार विसरण्याचं प्रमाण लक्षात घेता फॉर्मवरच त्याची चौकट छापून घ्यावी.

परतावा ३० टक्के आला तर? नमुना दुप्पट-चौपट पातळ करून बघा. तरीही कमीच आला तर ते पाणीच क्षपणकारक आहे. त्यात लोह-२, सल्फाइड किंवा बरंच सेंद्रिय द्रव्य आहे, आणि अशा पाण्यात क्रोमेट मुळात फार टिकत नाही. मग ‘क्रोमियम-६ आढळलं नाही’ एवढंच लिहून मोकळं होऊ नये. स्पाइकचा परतावा शेजारी लिहावा, कारण त्याशिवाय ते ‘आढळलं नाही’ अर्धवट आहे.

दुसरा स्पाइक फारसं कुणी करत नाही, पण रूपांच्या मोजणीत तोच जास्त बोलका : नमुन्यात क्रोमियम-३ घाला आणि क्रोमियम-६ वाढतं का ते बघा. वाढलं तर कुठेतरी ऑक्सिडीकरण चाललंय. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तर काही विहिरींत मँगनीज डायऑक्साइडचे बारीक कण हे काम करतात.

शोधमर्यादा काढायची ती पुस्तकातून उतरवून नव्हे. लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमचे सात स्वतंत्र नमुने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा, त्यांचं प्रमाण विचलन काढा आणि ३.१४३ ने गुणा. विचलन ०.३ आलं तर मर्यादा ०.९४ मायक्रोग्रॅम. आणि भरवशाने सांगता येईल असा सगळ्यात लहान आकडा त्याच्या तिप्पट, साधारण ३ मायक्रोग्रॅम. त्याखालचा आकडा दशांश चिन्हासकट लिहिणं म्हणजे स्वतःला फसवणं.

बाजारात मिळणाऱ्या फील्ड किटमध्येही हीच डीपीसी पुडीत भरलेली असते. रंग चकतीशी जुळवून १० मायक्रोग्रॅमच्या आतलं काही ठरवू नका. पण दहा विहिरींपैकी कुठल्या दोन प्रयोगशाळेत न्यायच्या, हे ठरवायला किट उत्तम.

एक मायक्रोग्रॅमच्या खाली : आयन क्रोमॅटोग्राफी

यात तीच डीपीसी असते, फक्त आयन वेगळे करणाऱ्या स्तंभानंतर. नमुना ऋण आयन पकडणाऱ्या स्तंभातून जातो, क्रोमेट बाकीच्यांपासून वेगळा होतो आणि बाहेर पडताना त्याला आम्ल आणि डीपीसी भेटतात. मग ५३० नॅनोमीटरला वाचन. धावतं द्रावण २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेट आणि १०० मिलिमोलर अमोनिया. स्तंभानंतरचं द्रावण २ मिलिमोलर डीपीसी, १० टक्के मिथेनॉल आणि १ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. अमेरिकेत २०१३ ते २०१५ मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठ्यांची तपासणी याच मार्गाने ०.०३ मायक्रोग्रॅमपर्यंत झाली.

इतक्या खाली गेल्यावर यंत्रापेक्षा रसायनं आडवी येतात. बफरच्या अमोनियम सल्फेटमध्येच क्रोमियम सापडतं. नवी बाटली उघडली की आधी तिचा ब्लँक लावा. पसंतीची बॅच सापडली तर तिच्या चार बाटल्या घेऊन ठेवा.

एकूण क्रोमियम आणि वजाबाकीचा सापळा

एकूण क्रोमियम ग्राफाइट भट्टीच्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर (तापलेल्या अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणारं यंत्र) ३५७.९ नॅनोमीटरला किंवा आयसीपी-एमएसवर मोजतात. आयसीपी-एमएसमध्ये वस्तुमान ५२ ला क्रोमियमचा ८३.८ टक्के वाटा असतो, पण तिथेच आर्गॉन-कार्बनची जोडी येऊन बसते. खाऱ्या पाण्यात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींत, क्लोरीन-ऑक्सिजन-हायड्रोजनचा समूहही ५२ लाच येतो आणि क्लोरीन-ऑक्सिजन ५३ ला. हेलियम भरलेला कोलिजन सेल (असे समूह अडवणारा यंत्रातला कप्पा) वापरा. ५२ वरून आणि ५३ वरून आलेले आकडे जुळतात का ते बघा. जुळले नाहीत तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

यंत्र नसेल तर परमँगनेटने सगळं क्रोमियम-६ करून पुन्हा डीपीसी करता येतं. पण त्यात जादा परमँगनेट काढायला सोडियम अ‍ॅझाइड लागतं, आणि आम्लात त्याचं विषारी, स्फोटक हायड्राझोइक आम्ल होतं. चांगला फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढणारं कपाट) नसलेल्या खोलीत मी ती पद्धत कुणाला सुचवणार नाही. नमुना बाहेर पाठवणं स्वस्त पडतं.

क्रोमियम-३ चा आकडा बहुतेक रिपोर्टांत वजाबाकीने येतो : विरघळलेलं एकूण वजा क्रोमियम-६. समजा एकूण ६.२ अधिक-उणे ०.६ आणि क्रोमियम-६ हे ५.८ अधिक-उणे ०.४. वजाबाकी ०.४, पण तिची अनिश्चितता ०.७. म्हणजे क्रोमियम-३ आहे की नाही हेच सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये मात्र ‘क्रोमियम-३ : ०.४’ असं झोकात छापलं जातं. कधी वजाबाकी ऋण येते, मग कुणीतरी हळूच शून्य लिहितं. ऋण आकडा अनिश्चिततेच्या आत असेल तर काळजी नाही. बाहेर असेल तर दोनपैकी एक मोजणी चुकलीय, ती शोधा. आणि वजाबाकी गाळलेल्या आकड्यातूनच करा. न गाळलेल्या एकूणातून क्रोमियम-६ वजा केलं तर मातीचे कणही क्रोमियम-३ म्हणून मोजले जातात.

क्रोमियम-३ खरंच थेट हवं असेल तर एचपीएलसीला (दाबाखाली द्रावण स्तंभातून सोडून घटक वेगळे करणारं यंत्र) आयसीपी-एमएस जोडावं लागतं. क्रोमियम-३ धन आयन, क्रोमेट ऋण. दोन्ही एकाच स्तंभावर आणायला नमुन्यात ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घालून सुमारे ७० अंशांना तासभर तापवतात. क्रोमियम-३ ईडीटीएशी बांधला जाऊन ऋण होतो आणि एकाच धावेत दोन शिखरं येतात. ईडीटीए भरपूर घाला, कारण कडक पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी आपला वाटा उचलतं. इतका खटाटोप परवडत नसेल तर मधला मार्ग आहे. जागेवरच नमुना ऋण आयन पकडणाऱ्या रेझिनच्या छोट्या काडतुसातून सोडा. क्रोमेट आत अडकतो, क्रोमियम-३ पुढे जातो. पुढे गेलेल्या पाण्यात आम्ल घालून ते ग्राफाइट भट्टीवर मोजलं की वजाबाकी टळते. रूपं विहिरीजवळच वेगळी झालेली असल्याने प्रवासातली भीतीही कमी.

रिपोर्ट आणि उरलेला कचरा

रिपोर्टमध्ये एकक ‘क्रोमियम म्हणून’ असं स्पष्ट लिहा. कुणी क्रोमेट म्हणून लिहिलं तर तोच नमुना २.२३ पट मोठा दिसतो, आणि दोन प्रयोगशाळांच्या भांडणात हे कारण दर वेळी शेवटी उघडकीला येतं. गाळलेला की न गाळलेला, जागेवरचा पीएच, नमुना घेतल्याची आणि मोजल्याची वेळ, फील्ड ब्लँक, स्पाइकचा परतावा, तुमची स्वतःची शोधमर्यादा, हे सगळं एका पानात बसतं. कारखान्याच्या जवळच्या विहिरीचा निष्कर्ष एका नमुन्यावर काढू नका. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर अशा दोनदा तरी घ्या, पाण्याची पातळी बदलली की आकडाही बदलतो.

उरलेली मानकं आणि रंगीत द्रावणं बेसिनमध्ये ओतायची नाहीत. ती एका कॅनमध्ये जमवा, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २-३ करा आणि फ्यूम हूडखाली सोडियम मेटाबायसल्फाइट थोडं थोडं घाला. पिवळेपणा जाऊन हिरवट झाक येईल. एक थेंब काढून त्यात डीपीसी टाका. जांभळा रंग आला नाही तरच पुढे चुन्याने पीएच ८.५ पर्यंत न्या. क्रोमियम-३ चा गाळ खाली बसतो. तो गाळ घातक कचरा आहे. लेबल लावून, वजन नोंदवून तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामायिक केंद्राकडे द्या. अ‍ॅझाइड वापरलेलं द्रावण या कॅनमध्ये चुकूनही टाकू नका.